ठळक छापलेला आकडा: कुत्र्या-मांजरांच्या तपासण्यांचे अहवाल कसे वाचावेत

कुत्र्याच्या किंवा मांजराच्या रक्ततपासणीचा अहवाल हातात आला, की पाळणाऱ्याची नजर आधी जाते ती ठळक अक्षरांत छापलेल्या आकड्यांकडे. वीस-पंचवीस ओळींच्या तक्त्यात दोन-तीन आकड्यांपुढे वर किंवा खाली दाखवणारा बाण असतो आणि तेवढ्यावरून घरात काळजी सुरू होते. उलट एकही बाण नसला तर ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. या दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक असल्या तरी दोन्ही पुष्कळदा चुकतात. तो बाण रोग ओळखून छापलेला नसतो. यंत्राने मोजलेला आकडा एका ठरावीक पट्ट्याच्या बाहेर गेला, एवढेच तो सांगतो. का गेला, हे त्याला ठाऊक नसते.

मुक्या प्राण्याला कुठे दुखते ते सांगता येत नाही आणि मांजर तर आजार लपवण्यात पटाईत असते, त्यामुळे पशुवैद्याला तपासण्यांचा आधार घ्यावाच लागतो. परंतु चांगला पशुवैद्य सुरुवात प्रयोगशाळेपासून करत नाही. तो आधी विचारतो, की पाणी किती पिते, वजन कधीपासून उतरले, उलटी जेवणानंतर लगेच होते की काही तासांनी. मग हिरड्यांचा रंग, पोट, गाठी, हृदयाचे ठोके स्वतः तपासतो. त्यातून एक शंका उभी राहते. तपासणी त्या शंकेचे वजन वाढवते किंवा कमी करते, आणि शंकाच नसेल तर आलेल्या आकड्याचे काय करायचे हेही कळत नाही.

पट्टा येतो कोठून

अहवालात प्रत्येक आकड्यासमोर जी ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते, ती ठरवण्याची रीत साधी आहे. निरोगी वाटणाऱ्या बऱ्याच प्राण्यांचे रक्त घेऊन तो घटक मोजतात, सर्व आकडे चढत्या क्रमाने मांडतात आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के आकडे वगळून मधले 95 टक्के म्हणजे सामान्य मर्यादा असे मानतात. याचा अर्थ असा, की निरोगी प्राण्यांपैकी वीसात एकाचा आकडा व्याख्येनेच मर्यादेबाहेर पडणार आहे. आता एकाच वेळी वीस घटक मोजले आणि ते एकमेकांशी संबंधित नाहीत असे क्षणभर गृहीत धरले, तर पूर्ण निरोगी कुत्र्याच्या अहवालातही किमान एक आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता सुमारे 64 टक्के निघते. प्रत्यक्षात अनेक घटक एकमेकांशी जोडलेले असतात, म्हणून ही शक्यता थोडी कमी भरते. तरीही मर्यादेच्या किंचित बाहेर गेलेला एकटा आकडा, ज्याला दुसऱ्या कोणत्याही आकड्याचा किंवा लक्षणाचा दुजोरा नाही, तो पाहून घाबरण्यापेक्षा तपासणी पुन्हा करणे शहाणपणाचे असते.

याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे कमी लक्ष जाते. पट्टा सगळ्या कुत्र्यांचा असतो, समोरच्या कुत्र्याचा नसतो. एखाद्या कुत्र्याचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) वर्षानुवर्षे 0.7 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल आणि या वेळी ते 1.3 आले, तर बहुतेक प्रयोगशाळांच्या पट्ट्यात ते निमूट बसते, बाण छापला जात नाही. पण त्या कुत्र्यापुरते पाहिले तर आकडा जवळजवळ दुप्पट झालेला असतो. हे कळण्यासाठी जुना अहवाल जवळ हवा. म्हणून प्राणी धडधाकट असताना एकदा केलेल्या तपासणीचा कागद पुढे आजारपणात फार उपयोगी पडतो, आणि तो फाइलीत जपून ठेवण्याची सवय बहुतेकांना नसते ही खेदाची गोष्ट आहे.

जात आणि वय यांचाही हिशेब धरावा लागतो. ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्यांत लाल पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट कमी, क्रिएटिनिन थोडे जास्त आणि थायरॉइड संप्रेरक कमी असणे हेच त्यांच्या दृष्टीने सामान्य आहे. हे माहीत नसणाऱ्याला तोच अहवाल तीन-चार रोगांची यादी वाटेल. कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीत अनेक कुत्र्यांच्या प्लेटलेट आनुवंशिक कारणामुळे संख्येने कमी पण आकाराने मोठ्या असतात, आणि त्यामुळे त्यांना रक्तस्राव होत नाही. वाढत्या पिल्लांच्या रक्तात एएलपी हे विकर (एन्झाइम) जास्त आढळते, कारण ते वाढणाऱ्या हाडांतूनही येते. त्याचा यकृताच्या बिघाडाशी काहीही संबंध नसतो.

सुई टोचल्यापासून यंत्रापर्यंत

यंत्रे आता अचूक झाली आहेत, पण यंत्रात जाणारे रक्त कसे घेतले आणि कसे ठेवले यावर निम्मी लढाई असते. रक्ताच्या नळ्यांची वेगवेगळ्या रंगांची टोपणे शोभेसाठी नसतात. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए नावाचे द्रव्य असते. ते रक्तातील कॅल्शियम बांधून टाकते आणि त्यामुळे रक्त गोठत नाही. पेशी मोजण्यासाठी ही नळी योग्य आहे. मात्र त्या नळीतील रक्ताचा थोडा अंश चुकून दुसऱ्या नळीत गेला, तर तेथे पोटॅशियम खोटेच वाढलेले आणि कॅल्शियम खोटेच घटलेले दिसते, कारण ते द्रव्य पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात वापरलेले असते. जीवघेणे वाटणारे असे आकडे शांतपणे झोपलेल्या कुत्र्याच्या नावावर आले, तर पहिली शंका नळीवर घ्यावी.

रक्त घेताना सुईतून जोराने ओढले गेले तर लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातील द्रव्ये बाहेर येऊन काही मोजमापे बिघडवतात. अकिता जातीच्या अनेक कुत्र्यांच्या लाल पेशींत पोटॅशियम मुळातच जास्त असते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा घोळ आणखी वाढतो. पेशी वेगळ्या न करता रक्त तसेच ठेवले तर पेशी त्यातील साखर वापरत राहतात. खोलीच्या तापमानात दर तासाला साधारण 5 ते 7 टक्के साखर कमी होते, आणि मग चार-सहा तास पडून राहिलेल्या नमुन्यावरून प्राण्याची साखर खाली गेल्याचा भास होतो. नुकतेच जेवलेल्या प्राण्याच्या रक्तात चरबी तरंगत असल्याने ते दुधाळ दिसते आणि प्रकाश मोजून चालणाऱ्या यंत्रांची फसगत होते. आठ ते बारा तास उपाशी ठेवून आणा असे सांगितले जाते ते यासाठी. अर्थात अगदी लहान पिल्लांना आणि इन्सुलिनवर असलेल्या प्राण्यांना विचारल्याशिवाय उपाशी ठेवू नये.

मांजरांच्या बाबतीत एक नेहमीची फसगत प्लेटलेटची आहे. रक्त घेताच मांजराच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून पुंजके करतात, यंत्र त्या पुंजक्याला एक पेशी समजते किंवा मोजतच नाही, आणि अहवालात आकडा धोकादायक वाटेल इतका खाली येतो. यावर उपाय जुनाच आहे. काचेच्या पट्टीवर रक्ताचा एक थेंब पसरून, रंगवून, माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. त्याच स्लाइडवर कधी लाल पेशींत बसलेले बाबेसियाचे परजीवीही दिसतात, जे पेशी मोजणाऱ्या यंत्राच्या नजरेतून सुटू शकतात. स्वयंचलित मोजणीच्या काळात ही पाच मिनिटांची मेहनत टाळण्याकडे कल असतो; माझ्या मते सगळ्या तपासण्यांत एवढ्या कमी साधनांत एवढी माहिती देणारी दुसरी तपासणी नाही.

मांजराची भीती स्वतःच आकडे बदलते. पिंजऱ्यात बसून, अनोळखी वासांत, कुत्र्यांच्या भुंकण्यात तपासणीला आलेल्या मांजराची रक्तशर्करा केवळ ताणामुळे इतकी चढू शकते की मधुमेहाचा संशय यावा. म्हणून मांजराच्या एका आकड्यावरून मधुमेहाचे निदान करत नाहीत. तहान, लघवी आणि वजन यांचा इतिहास पाहतात, लघवीत साखर आहे का ते पाहतात, आणि फ्रुक्टोसमाइन नावाचा घटक मोजतात, जो मागच्या साधारण दोन आठवड्यांतील साखरेची सरासरी पातळी दाखवतो. दवाखान्यातल्या पंधरा मिनिटांच्या भीतीचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

मूत्रपिंडे उशिरा तक्रार करतात

वयस्क मांजरांत आणि पुष्कळ वयस्क कुत्र्यांत तपासण्यांचा कस लागतो तो मूत्रपिंडांच्या आजारात. मूत्रपिंडांना निसर्गाने भरपूर राखीव क्षमता दिली आहे, आणि तीच निदानाच्या आड येते. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात. पण त्याची पातळी मर्यादेबाहेर जाईपर्यंत मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश कार्यक्षमता गेलेली असते. म्हणजे ‘किडनीचा रिपोर्ट नॉर्मल’ या शब्दांचा अर्थ मूत्रपिंडे ठणठणीत आहेत असा होत नाही, कदाचित अर्धीअधिक क्षमता आधीच गेलेलीही असेल. त्यातच म्हातारपणी किंवा आजारपणात मांजराचे स्नायू झिजतात, मुळात क्रिएटिनिनच कमी तयार होते, आणि बिघाड आणखी झाकला जातो.

यासाठी 2015 च्या सुमारास एसडीएमए नावाची तपासणी वापरात आली. हा पदार्थ शरीरातील सर्वच पेशींत तयार होतो, स्नायूंच्या प्रमाणावर फारसा अवलंबून नसतो, आणि साधारण 40 टक्के कार्यक्षमता गेल्यावरच वाढू लागतो. तरीही एकदा वाढलेला एसडीएमए म्हणजे कायमचा आजार असे नव्हे; शरीरातील पाणी कमी झाल्यानेही तो वाढू शकतो, त्यामुळे प्राण्याला पुरेसे पाणी मिळाल्यावर, काही आठवड्यांच्या अंतराने तपासणी पुन्हा करून आकडा टिकून आहे का हे पाहावे लागते.

या सगळ्यात लघवीला मिळायला हवा तो मान मिळत नाही. निरोगी मूत्रपिंड शरीराची गरज पाहून लघवी घट्ट किंवा पातळ करते, आणि ही घट्टपणाची क्षमता क्रिएटिनिन वाढण्याच्या बरीच आधी मंदावू शकते. लघवीचे विशिष्ट गुरुत्व एका छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणात थेंब टाकून कळते. शुद्ध पाण्याचे 1.000 असते, पाण्याची कमतरता असताना निरोगी कुत्र्याचे 1.030 च्या वर आणि मांजराचे 1.035 च्या वर जायला हवे. ते 1.008 ते 1.012 च्या दरम्यान अडकून राहिले, तर मूत्रपिंडे रक्तातील द्रव जवळजवळ तसाच पुढे ढकलत आहेत असे समजावे. युरिया आणि क्रिएटिनिन वाढलेले असताना लघवी घट्ट असेल तर दोष बहुधा मूत्रपिंडांचा नसून शरीरात पाणी कमी पडल्याचा असतो. तेच आकडे वाढलेले असताना लघवी पातळ असेल तर संशयाची सुई मूत्रपिंडांकडे वळते. रक्ताचा आकडा दोन्हीकडे सारखाच असतो, आणि अर्थ मात्र लघवीचा थेंब ठरवतो. म्हणून सलाइन लावण्याआधी लघवीचा नमुना घेऊन ठेवावा, कारण नंतर हा फरक पुसला जातो.

लघवी कशी मिळवली हेही विचारायला हवे. जमिनीवरून गोळा केलेल्या लघवीत बाहेरचे जिवाणू मिसळतात, म्हणून संसर्ग शोधायचा असेल तर पशुवैद्य पोटातून थेट मूत्राशयात बारीक सुई घालून नमुना घेतात. ऐकायला हे भयंकर वाटते, पण बहुतेक मांजरे रक्त घेण्यापेक्षा ते शांतपणे सहन करतात. फ्रीजमध्ये ठेवलेल्या लघवीत असे स्फटिक तयार होऊ शकतात जे मूत्राशयात नव्हतेच. ते पाहून महागडा विशेष आहार सुरू करण्याआधी ताजा नमुना पुन्हा पाहावा. लघवीतील प्रथिनांचे क्रिएटिनिनशी प्रमाण कुत्र्यात 0.5 पेक्षा आणि मांजरात 0.4 पेक्षा जास्त टिकून राहिले, तर मूत्रपिंडांची गाळणी गळते आहे असे मानतात. त्याला रक्तदाबाच्या मोजणीची जोड देतात. तो मोजताना प्राण्याला आधी पाच-दहा मिनिटे शांत बसू द्यायचे, पहिले मोजमाप सोडून द्यायचे आणि पुढच्या पाच-सात मोजमापांची सरासरी घ्यायची असते.

यकृताचे आकडे याच्या उलट स्वभावाचे आहेत, ते लवकर आणि मोठ्याने ओरडतात. एएलटी हे विकर यकृताच्या पेशींच्या आत असते आणि पेशींना इजा झाली की रक्तात झिरपते; त्यामुळे ते इजा दाखवते, यकृत काम किती करते ते दाखवत नाही. तात्पुरत्या इजेने एएलटी कितीतरी पट चढून काही आठवड्यांत उतरू शकते, आणि आकसून गेलेल्या, पेशीच कमी उरलेल्या यकृतात तेच विकर जवळजवळ सामान्य दिसू शकते. यकृताचे काम पाहायचे असेल तर अल्ब्युमिन (यकृतात तयार होणारे प्रथिन), साखर, युरिया यांच्याकडे पाहतात आणि उपाशीपोटी व जेवणानंतर दोन तासांनी रक्तातील पित्ताम्ले मोजतात. एएलपीबाबत कुत्रा आणि मांजर यांच्यात मोठा फरक आहे. कुत्र्याच्या रक्तात ते दिवसेंदिवस टिकते, शिवाय स्टेरॉइड औषधांनी आणि अपस्माराच्या काही औषधांनीही वाढते, त्यामुळे त्याची मध्यम वाढ बऱ्याचदा किरकोळ ठरते. मांजराच्या रक्तातून मात्र ते काही तासांत नाहीसे होते, म्हणून मांजरातील थोडीशी वाढही गांभीर्याने घ्यावी लागते.

पॉझिटिव्ह म्हणजे नेमके काय

संसर्गाच्या तपासण्यांत आकडा नसतो, किटवर एक रेघ उमटते किंवा उमटत नाही, आणि त्यामुळे उत्तर निःसंदिग्ध वाटते. पण ती रेघ कशामुळे उमटली हे किटकिटला वेगळे असते. काही किट जंतूचा स्वतःचा अंश म्हणजे अँटीजेन शोधतात, काही प्राण्याच्या शरीराने त्या जंतूविरुद्ध तयार केलेल्या अँटीबॉडी शोधतात, आणि पीसीआर तपासणी जंतूची जनुकीय सामग्री शोधते. पहिला प्रकार जंतू येथे आहे असे सांगतो. दुसरा प्रकार शरीराची या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती एवढेच सांगतो. तिसरा फार बारीक प्रमाणही पकडतो, पण तो जंतू जिवंत आहे की मेलेला हे त्याला कळत नाही, आणि नमुन्यात जंतू नसेल तर शरीरात असूनही तो निगेटिव्ह येतो.

कुत्र्यांतील पार्व्होविषाणू 1978 मध्ये जगभर एकदम पसरला. त्याची विष्ठेवरची किट अँटीजेन शोधते. पिल्लाला जिवंत विषाणूची लस देऊन चार-आठ दिवस झाले असतील तर लशीतला विषाणू विष्ठेतून बाहेर पडून फिकट रेघ उमटू शकते. याउलट विषाणू विष्ठेतून थोडेच दिवस पुरेशा प्रमाणात पडत असल्याने खरोखर आजारी पिल्लाची किटही निगेटिव्ह येऊ शकते. उलट्या, रक्तमिश्रित जुलाब आणि रक्तातील पांढऱ्या पेशी घसरलेल्या अशा पिल्लाला केवळ किट निगेटिव्ह आली म्हणून वेगळे ठेवणे थांबवू नये.

मांजरांच्या एफआयव्ही या विषाणूची नेहमीची किट अँटीबॉडी शोधते. बाधित आईच्या दुधातून पिल्लाला अँटीबॉडी मिळतात, त्यामुळे सहा महिन्यांच्या आतील पिल्लू विषाणू नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि सहा महिन्यांनंतर पुन्हा तपासल्यावर त्यांपैकी पुष्कळ पिल्ले निगेटिव्ह निघतात. कुत्र्यांच्या हृदयातील जंताची तपासणी तर प्रौढ मादी जंताचा अंश शोधते. संसर्ग झाल्यापासून जंत प्रौढ व्हायला पाच ते सात महिने लागतात, म्हणून सहा महिन्यांच्या आतील पिल्लाची ही तपासणी करून काही कळत नाही. गोचिडांतून पसरणाऱ्या एर्लिकियाच्या अँटीबॉडी उपचार पूर्ण होऊन कुत्रा बरा झाल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे राहतात. ती रेघ जाईपर्यंत औषध चालू ठेवायचे ठरवले तर औषध कधीच थांबणार नाही. येथेच हेही सांगायला हवे, की ‘गोचीड ताप’ या एका नावाखाली आपण निरनिराळे आजार घालतो. एर्लिकिया हा जिवाणू आहे आणि बाबेसिया हा लाल पेशींत राहणारा एकपेशीय परजीवी. दोहोंची औषधे वेगळी आहेत, म्हणून कोणता गोचीड ताप हे तपासणीने ठरवण्याला अर्थ आहे.

मांजरांच्या एफआयपी या आजारात अँटीबॉडीची मर्यादा सर्वांत ठळक दिसते. तो मांजरांच्या कोरोनाविषाणूपासून उद्भवतो, पण हा विषाणू बहुसंख्य मांजरांत आतड्यात किरकोळ त्रास देऊन किंवा न देताच राहतो आणि थोड्याच मांजरांत त्याचे रूप बदलून गंभीर आजार होतो. त्यामुळे कोरोनाच्या अँटीबॉडी सापडल्या यावरून एफआयपी ठरत नाही. मांजराचे वय, न उतरणारा ताप, पोटात साठलेला पिवळसर दाट द्रव, रक्तात ग्लोब्युलिन वाढून अल्ब्युमिन घटणे, आणि त्या द्रवात किंवा ऊतीत विषाणूचा प्रत्यक्ष पुरावा, असे धागे एकत्र जोडूनच निदानापर्यंत पोहोचावे लागते.

आता थोडे गणित, कारण त्याशिवाय ‘95 टक्के अचूक’ या शब्दांचा उलगडा होत नाही. समजा एखादी तपासणी आजारी प्राण्यांपैकी 95 टक्क्यांना पॉझिटिव्ह दाखवते आणि निरोगी प्राण्यांपैकी 95 टक्क्यांना निगेटिव्ह. हजार कुत्र्यांच्या एका गटात शंभरात एकच, म्हणजे दहा कुत्रे आजारी आहेत. त्यांपैकी साडेनऊ, म्हणजे जवळजवळ सगळे, पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या 990 निरोगी कुत्र्यांपैकी पाच टक्के, म्हणजे सुमारे पन्नास कुत्रेही पॉझिटिव्ह येतील. एकूण साठेक पॉझिटिव्ह कुत्र्यांपैकी खरोखर आजारी दहाही नाहीत. हीच तपासणी अशा हजार कुत्र्यांवर केली ज्यांच्यात लक्षणे आहेत आणि निम्मे खरोखर आजारी आहेत, तर शंभर पॉझिटिव्हपैकी 95 खरे निघतील. किट तीच, रेघ तीच. फरक फक्त आपण ती कोणावर वापरली याचा. लक्षणे नसलेल्या प्राण्याची तपासणी पॉझिटिव्ह आली की पशुवैद्य दुसऱ्या पद्धतीची तपासणी का सुचवतात, याचे कारण या हिशेबात आहे. तो पैसे वाढवण्याचा डाव असतो असे समजण्याचे कारण नाही.

रेबीज या सगळ्या नियमांच्या बाहेर आहे. जिवंत कुत्र्याच्या किंवा मांजराच्या रक्तावरून वा लाळेवरून त्याला रेबीज नाही असे खात्रीने सांगता येत नाही. निश्चित निदान मृत्यूनंतर मेंदूच्या ऊतीत विषाणू शोधून होते. चावलेला कुत्रा किंवा मांजर दहा दिवस निरोगी राहिले तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे मानतात, आणि निरीक्षणाचा नियम यावरूनच आला आहे. ज्याला चावा बसला त्याची जखम साबण-पाण्याने धुणे आणि लस सुरू करणे यासाठी मात्र त्या दहा दिवसांची वाट पाहायची नसते. परदेश प्रवासासाठी रेबीजच्या अँटीबॉडीचे प्रमाण मोजतात आणि ते प्रति मिलिलिटर 0.5 आंतरराष्ट्रीय एकक तरी असावे लागते, पण ती तपासणी लशीचा परिणाम दाखवते. आजार आहे की नाही याच्याशी तिचा संबंध नाही.

संप्रेरकांच्या बाबतीत एकदा मोजून भागत नाही, कारण त्यांची पातळी दिवसभर वरखाली होत असते. तेथे शरीराला मुद्दाम एक धक्का देऊन ते काय करते हे पाहतात. कुशिंग आजारात अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सतत जास्त तयार करतात. निरोगी कुत्र्याला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचले की त्याचे शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल थांबवते, कुशिंगच्या कुत्र्याचे थांबवत नाही; म्हणून सुरुवातीला, चार तासांनी आणि आठ तासांनी असे तीनदा रक्त घेतात. कुत्रा दुसऱ्याच कशाने गंभीर आजारी असेल तर ही तपासणीही खोटी पॉझिटिव्ह येते, त्यामुळे आधी तो आजार निस्तरून मग ती करावी. कुत्र्यातील थायरॉइडचेही असेच आहे. कोणत्याही मोठ्या आजारात टी-4 हे थायरॉइड संप्रेरक आपोआप खाली येते, आणि त्या एकाच आकड्यावरून जन्मभराची गोळी सुरू झालेली कुत्री थोडी नसावीत.

चित्रे काढणाऱ्या तपासण्यांबद्दल थोडक्यात. एक्स-रे सपाट सावली देतो, म्हणून तो काटकोनातील दोन दिशांनी तरी काढायचा असतो, आणि छातीत कर्करोग पसरला आहे का पाहायचे असेल तर तीन दिशांनी. सोनोग्राफी अवयवाची आतली रचना दाखवते, पण प्लीहेतील गाठ साधी की कर्करोगाची हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. त्वचेखालच्या गाठीबाबत ‘हाताला मऊ लागते, चरबीचीच असेल’ हा अंदाज धोक्याचा आहे. मास्ट पेशींचा कर्करोग हाताला अगदी चरबीच्या गाठीसारखा लागू शकतो. बारीक सुईने चार पेशी काढून स्लाइडवर पाहायला भूल लागत नाही आणि काही मिनिटांत बऱ्याचदा दिशा कळते. पेशींची मांडणी आणि गाठीच्या कडा पाहायच्या असतील तर बायोप्सी करावी लागते.

काही वेळा तपासणी थांबू शकते आणि उपचार थांबू शकत नाही. लघवीसाठी वारंवार जोर करणारा, थेंबही न पडणारा बोका समोर आला तर त्याचा मार्ग तुंबला आहे हे पोटाला हात लावताच कळते. एक-दोन दिवसांत रक्तातील पोटॅशियम वाढून त्याचे हृदय थांबू शकते, त्यामुळे पोटॅशियम मोजणे आणि हृदयाचा आलेख पाहणे एवढे उरकून आधी तुंबलेला मार्ग मोकळा करतात. बाकी कारणांचा शोध नंतर. रक्त चढवायची वेळ आलेल्या मांजराबाबत मात्र उलटे आहे. मांजरांत अ, ब आणि अब असे रक्तगट असतात आणि अ व ब गटांच्या मांजरांत, आधी कधी रक्त चढवलेले नसतानाही, विरुद्ध गटाविरुद्धच्या अँटीबॉडी नैसर्गिकरीत्या असू शकतात. ब गटाच्या मांजराला अ गटाचे थोडेसे रक्तही जीवघेणे ठरू शकते, म्हणून कितीही घाई असली तरी गट पाहिल्याशिवाय पहिली बाटलीही लावत नाहीत.

तपासणी ठरवण्याआधी पाळणाऱ्याने विचारावा असा एक प्रश्न आहे: उत्तर असे आले तर आपण काय करणार, आणि तसे आले तर काय करणार? दोन्ही उत्तरांनी उपचार तोच राहणार असेल तर ती तपासणी आज करण्याची गरज पुन्हा तपासून पाहता येते. हा प्रश्न विचारल्यावर रागावणारा पशुवैद्य विरळा. बहुतेकांना तो ऐकून बरेच वाटते.

एक तपासणी घरीही होते आणि तिला यंत्र लागत नाही. हृदयाचा आजार असलेला कुत्रा किंवा मांजर गाढ झोपले असताना त्याची छाती एका मिनिटात किती वेळा वर-खाली होते ते घड्याळ लावून मोजायचे. छाती वर जाऊन खाली येणे हा एक श्वास. झोपेत हा आकडा सहसा 30 च्या आत असतो. तो दिवसेंदिवस चढत चालला किंवा 30 च्या वर टिकून राहिला, तर फुप्फुसांत पाणी साठू लागल्याची ती पहिली खूण असू शकते, आणि ती खोकला किंवा धाप सुरू होण्याआधी दिसते. स्वप्नात पाय हलवणाऱ्या कुत्र्याचे श्वास मोजू नयेत, ते जास्तच भरतात. आकडा तारखेसह वहीत लिहावा आणि पुढच्या भेटीला ती वही बरोबर न्यावी.